शिव्यांच्या घरातून हेल्पलाइनच्या नंबरापर्यंत : रॅपर लॉजिकचं प्रकरण

हालअपेष्टांत वाढलेल्या कलाकाराचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, दुःखातूनच कला जन्मते. मला हे वाक्य पटत नाही आणि ते निर्दयही वाटतं. व्यसनाच्या घरात वाढलेली हजारो मुलं गाणी लिहीत नाहीत. ती फक्त सोसतात. एखादा लिहितो, तेव्हा सोसण्याशिवाय आणखी काहीतरी घडलेलं असतं. ते काय असतं, हे तपासायला अमेरिकन रॅपर लॉजिकचं प्रकरण फार उपयोगी आहे. आपलं बालपण त्याने अनेक गाण्यांत सांगितलं. पण त्याच्या ज्या गाण्याने अनोळखी माणसांना मदतीसाठी फोन उचलायला लावला, त्या गाण्यात त्याचं बालपण जवळपास नाहीच.

लॉजिकची ओळख सगळ्या जगाला आहे, म्हणून त्याचं नाव घेतलं आहे. घरच्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. घरात घडलेल्या गोष्टी त्याने गाण्यांत, मुलाखतींत आणि 2021 मध्ये आलेल्या आत्मचरित्रात सांगितल्या आहेत. इथेही त्या त्याच्या सांगण्यावरूनच घेतल्या आहेत.

पार्श्वभूमी

लॉजिकचं खरं नाव सर रॉबर्ट ब्रायसन हॉल दुसरा. यातलं 'सर' ही पदवी नाही, ते त्याचं पहिलं नाव आहे. जन्म 22 जानेवारी 1990 चा, मेरीलँड राज्यातल्या रॉकव्हिलचा. वाढला तो शेजारच्या गेथर्सबर्गमध्ये. ही दोन्ही गावं माँटगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) येतात, आणि ही काउंटी अमेरिकेतल्या सधन काउंट्यांत मोजली जाते. पण तिथेही सरकारी मदतीवर भाडं भरणारी घरं आहेत. लॉजिकचं घर त्यांपैकी एक होतं. किराणाही सरकारी कुपनांवर यायचा.

काळही वाईट होता. वॉशिंग्टन शहर तिथून तास-दीड तासाच्या आत, आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी ते शहर क्रॅक कोकेनने, म्हणजे कोकेनपासून बनवलेल्या, ओढायच्या स्वस्त अमली पदार्थाने, पोखरून टाकलं होतं. लॉजिकच्या जन्माच्या चारच दिवस आधी, 18 जानेवारी 1990 ला, वॉशिंग्टनचे महापौर मॅरियन बॅरी यांना क्रॅक ओढल्याच्या प्रकरणात अटक झाली. 1986 च्या कायद्यानुसार 5 ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला आणि 500 ग्रॅम पावडर कोकेन विकणाऱ्याला किमान शिक्षा सारखीच होती, पाच वर्षांची. तुरुंगात कोण गेलं, हे सांगायला नको. गरीब कृष्णवर्णीय मोहल्ले रिकामे होत गेले.

लॉजिकचे वडील कृष्णवर्णीय, त्यांना क्रॅकचं व्यसन. आई गोरी, ती दारूच्या आहारी गेलेली. भाऊ क्रॅक विकायचे आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत स्वतःचे वडीलही होते, असं त्याने सांगितलं आहे. घरात मारहाण होती, पोलिसांचं येणं-जाणं होतं. पण त्याच्या सांगण्यात पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. आई चिडली की कृष्णवर्णीयांना देतात ती वंशाची शिवी ती आपल्याच लेकराला द्यायची. त्याचा वर्ण गोरा, चेहरा गोऱ्यांसारखा. बाहेरच्या जगाला तो गोरा वाटायचा, आणि तो गोरा नाही याची आठवण त्याला घरात करून दिली जायची, तीही जन्मदात्या आईकडून.

हे फक्त एका घरापुरतं नव्हतं. मेरीलँडमध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी उठली ती 1967 मध्ये. जनगणनेच्या अर्जात एकाहून अधिक वंशांवर खूण करायची मुभा मिळाली ती 2000 मध्ये. म्हणजे लॉजिक दहा वर्षांचा होईपर्यंत सरकारी कागदावरही त्याच्यासारख्या मुलाला आई आणि वडील यांतून एक निवडावं लागायचं. 2000 च्या जनगणनेत 2.4 टक्के लोकांनी एकाहून अधिक वंश नोंदवले. 2020 मध्ये तेच प्रमाण 10.2 टक्क्यांवर गेलं. लॉजिकची कहाणी या मधल्या वीस वर्षांतली आहे.

शाळेत तो फार टिकला नाही. दहावीत तो वर्गाला दांड्या मारू लागला आणि इंग्रजी सोडून सगळ्या विषयांत नापास झाला. शाळेने नाव काढून टाकलं. सतराव्या वर्षी त्याने घर सोडलं आणि एका वेळी दोन-दोन नोकऱ्या करून दिवस काढले.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या, आणि माझ्या मते या प्रकरणाची चावी त्यांत आहे. 2003 मध्ये क्वेंटिन टॅरंटिनोचा एक सिनेमा आला. त्याच्या संगीताची बाजू वू-टँग क्लॅन या रॅप गटाच्या रिझाने सांभाळली होती. त्या सिनेमातून तेरा वर्षांचा हा मुलगा रिझापर्यंत, तिथून वू-टँग क्लॅनपर्यंत आणि तिथून रॅपपर्यंत पोचला. साधारण त्याच वयात ओळखीतला एक मोठा माणूस त्याच्या पाठीशी उभा राहिला. त्याने काय केलं? नुसत्या बीट्स, म्हणजे शब्दांशिवायचं ताल-संगीत, भरलेल्या सीडी मुलाच्या हातात ठेवल्या आणि यावर लिही म्हणाला. मुलाने लिहिलं. त्या माणसाने ना उपदेश केला, ना मुलाच्या घरच्या भानगडीत डोकं घातलं. एक काम दिलं आणि पुढच्या वेळी ते ऐकून घेतलं. ज्या घरात पुढच्या वेळेचा भरवसाच नव्हता, तिथल्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट असेल!

अडचण

आधी मिक्सटेप (मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच काढलेले गाण्यांचे संग्रह), मग मोठ्या रॅपरांच्या कार्यक्रमांत सुरुवातीला गाणं, मग 2013 मध्ये डेफ जॅम या मोठ्या कंपनीशी करार, असा त्याचा प्रवास झाला. ऑक्टोबर 2014 मध्ये पहिला अल्बम 'अंडर प्रेशर' आला आणि बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमांच्या खपाच्या, यादीत थेट चौथा लागला. घराची गोष्ट त्यात भरभरून होती. वरवर बघता सगळं सुरळीत चाललं होतं.

मात्र एक पेच हळूहळू घट्ट होत गेला. आपण कृष्णवर्णीय बापाचा मुलगा आहोत, हे लॉजिकला दर वेळी सांगावं लागे, कारण चेहरा ते सांगत नव्हता. न सांगावं तर लोक त्याला कृष्णवर्णीयांच्या हिप-हॉपमध्ये घुसलेला गोरा म्हणणार. सांगावं तर 'झालं, परत तेच' म्हणून टर उडवणार. पुढे इंटरनेटवर त्याच्या या सांगण्याचीच चेष्टा सुरू झाली. घरात ज्या गोष्टीवरून शिव्या खाल्ल्या, तीच बाहेर थट्टेचा विषय झाली. यात त्याच्या मनाचं काय झालं असेल, याचा विचार थट्टा करणाऱ्यांनी फारसा केला नाही.

त्याच सुमारास त्याची तब्येतही बोलू लागली. डिसेंबर 2015 मध्ये सिनेमाच्या रांगेत उभा असताना त्याला अचानक भीतीचा झटका आला. आजूबाजूचं जग खरं नाहीच असं वाटू लागलं, आणि ते वाटणं लवकर गेलं नाही. पुढे त्याने यावर उघडपणे बोलायला आणि लिहायला सुरुवात केली.

तिसरी गोष्ट चाहत्यांकडून आली. तुझ्या गाण्याने माझा जीव वाचवला, असं लोक त्याला भेटून सांगायचे. 2016 मध्ये तो बसने देशभर फिरून चाहत्यांच्या घरी गेला, त्यांच्याबरोबर बसला, तेव्हाही हेच ऐकू आलं. त्याचं उत्तर प्रामाणिक होतं. मी तर कुणाचा जीव वाचवायला निघालोच नव्हतो. मग त्याच्या मनात आलं, न ठरवता एवढं होत असेल, तर ठरवून केलं तर?

समोरचे पर्याय

या टप्प्यावर त्याच्यासमोर मला तीन रस्ते दिसतात.

पहिला रस्ता म्हणजे घराचा विषय बंद करायचा. नोव्हेंबर 2015 च्या दुसऱ्या अल्बममध्ये त्याने हे बऱ्यापैकी केलंही होतं. पृथ्वी सोडून अंतराळात निघालेल्या माणसांची ती विज्ञानकथा होती. अल्बम चालला, तिसरा लागला. त्या रस्त्याने जात राहिला असता तरी त्याची कारकीर्द नीट चालली असती.

दुसरा रस्ता म्हणजे तीच गोष्ट आणखी जोरात, आणखी तपशिलाने सांगायची. हा रस्ता सगळ्यांत मोहाचा असतो. जखमा दाखवल्या की टाळ्या मिळतात, आणि पुढच्या वेळी आणखी मोठी जखम दाखवावी लागते.

तिसरा रस्ता असा की आपण जे भोगलं त्याचा उपयोग दुसऱ्याचं ऐकायला करायचा. माझ्याबरोबर काय झालं, हा प्रश्न बाजूला ठेवून, माझ्यासारखा कुणी आत्ता एकटा बसला असेल तर त्याला काय ऐकू यायला हवं, हे विचारायचं.

त्याने यातला एकच निवडला असं म्हणता येणार नाही. 2017 च्या 'एव्हरीबडी' या अल्बममध्ये दुसरा आणि तिसरा रस्ता एकमेकांत मिसळलेले आहेत. अल्बमचं कथानक असं: मेलेला एक माणूस देवाला भेटतो आणि त्याला कळतं की पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाचा जन्म एक-एक करून त्यालाच घ्यायचा आहे. देवाचा आवाज खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांचा. कल्पना मोठी सुंदर आहे, आणि ज्याला दोन्ही बाजूंनी परकं ठरवलं गेलं अशा माणसाला ती सुचावी यात नवल नाही. पण याच अल्बममध्ये आई, बाप, घर, वंश हा पाढाही पुन्हा येतो, काही ठिकाणी अगदी शब्दाला शब्द लागून. समीक्षकांचं मत विभागलं ते यामुळेच, आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

काय केलं

पहिला निर्णय अल्बमच्या नावाचा. आधी जाहीर झालेलं नाव आफ्रिकन आणि आर्यन हे शब्द जोडून केलेलं होतं. आपल्या रक्तातल्या दोन बाजू एका शब्दात आणायचा तो प्रयत्न होता. अमेरिकेत आर्यन म्हटलं की हिटलर आणि गोरे वर्चस्ववादी आठवतात, त्यामुळे टीका झाली. अखेर अल्बम 'एव्हरीबडी' या नावाने आला आणि जुनं नाव शेवटच्या गाण्यापुरतं राहिलं. मला हा बदल योग्य वाटतो. पहिलं नाव फक्त त्याच्याबद्दल होतं, दुसऱ्यात ऐकणाऱ्यालाही जागा होती.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा. एका गाण्याला त्याने अमेरिकेच्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचा नंबरच नाव म्हणून दिला: 1-800-273-8255. गाण्यात हा नंबर कुणी उच्चारत नाही. ज्याला गाणं शोधायचं, त्याला नंबर टाइप करावा लागतो. रेडिओ असो, यादी असो, बक्षीस समारंभ असो, गाण्याचं नाव घेणाऱ्याने नंबर सांगितलेला असतो. जाहिरातीवर कोट्यवधी खर्चूनही हे साधलं नसतं.

तिसरा निर्णय गाण्याच्या आतला आहे. पहिल्या कडव्यात बोलणारा आहे तो फोन करणारा माणूस, जगायची इच्छा संपलेला. दुसऱ्या कडव्यात लॉजिक फोनच्या पलीकडे जातो आणि हेल्पलाइनवर बसलेला माणूस होतो. गाण्याची बांधणी धृपदात दिसते. आधी ते मरणाची इच्छा बोलतं. मग तेच, 'तू जगावंस असं मला वाटतं' म्हणतं. शेवटी फोन करणाराच म्हणतो की आता जगावंसं वाटतंय. सोबत गायला अलेसिया कारा आणि खालिद, दोघंही तेव्हा विशीच्या आसपासचे. ज्या वयाच्या मुलांसाठी गाणं होतं, आवाज त्याच वयाचे घेतले.

इथे थोडं थांबतो, कारण बालपणाचा संगीतावर परिणाम म्हणजे काय, याचं उत्तर मला याच कडव्यात दिसतं. दुसऱ्या कडव्यातला माणूस काय करतो? समोरच्याचं ऐकून घेतो, घाई करत नाही, दोष देत नाही, फोन ठेवत नाही. लॉजिकच्या घरात असा मोठा माणूस नव्हता. घराबाहेर होता, सीडी देणारा. जे मिळालं नाही ते त्याला आतून ठाऊक होतं आणि जे थोडंसं मिळालं त्याची किंमतही ठाऊक होती. म्हणून ती भूमिका त्याच्या तोंडी खोटी वाटत नाही. आईच्या शिव्यांचं वर्णन करणारी गाणी ऐकून आपण त्याची कीव करतो. हे गाणं ऐकताना त्याची आठवणही राहत नाही, आणि ते तसंच व्हायला हवं होतं.

गाणं 28 एप्रिल 2017 ला आलं, अल्बम 5 मे ला. 27 ऑगस्टला एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात त्याने ते गायलं तेव्हा आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली माणसं त्याच्याबरोबर मंचावर होती, अंगात हेल्पलाइनचा नंबर छापलेले टी-शर्ट. 28 जानेवारी 2018 ला ग्रॅमीच्या मंचावरही ते गायलं गेलं.

परिणाम

गाणं बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याला ग्रॅमीची दोन नामांकनं मिळाली. अल्बम पहिल्या आठवड्यात 2,47,000 प्रतींच्या बरोबरीचा खप होऊन यादीत पहिला आला.

पण या प्रकरणातला खरा निकाल डिसेंबर 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला गेला. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातले थॉमस नीडरक्रोटेनथालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेल्पलाइनवर आलेले फोन आणि आत्महत्यांची आकडेवारी तपासली. गाणं आलं तेव्हाचे, एमटीव्ही सोहळ्याचे आणि ग्रॅमीचे असे गाण्याची सर्वाधिक चर्चा झालेले 34 दिवस त्यांनी घेतले. त्या दिवसांत अपेक्षेपेक्षा 9,915 फोन जास्त आले, म्हणजे 6.9 टक्के वाढ. आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा 245 ने, म्हणजे 5.5 टक्क्यांनी कमी झाल्या.

हा आकडा जपून वापरायला हवा. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. गाण्यामुळेच 245 जीव वाचले असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, एवढं दिसतं. तरीही दिशा स्पष्ट आहे. आत्महत्येच्या बातम्या चघळल्या गेल्या की आत्महत्या वाढतात, हे अभ्यासकांना आधीपासून माहीत होतं. उलट बाजूला पापागेनो परिणाम म्हणतात. मोझार्टच्या 1791 च्या ऑपेरातला पापागेनो जीव द्यायला निघतो तेव्हा तीन मुलं येतात आणि त्याला दुसरा रस्ता दाखवतात. संकटातून बाहेर पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली तर ऐकणाराही बाहेर पडू शकतो, असा हा विचार. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तो तपासायची संधी या गाण्यामुळे मिळाली.

लॉजिकपुरतं बोलायचं तर जुलै 2020 मध्ये, बाळ झाल्यावर, त्याने निवृत्ती जाहीर केली. आपल्याला चांगला बाप व्हायचंय, असं कारण दिलं. वर्षभरात तो परत आला. परत आला याची मला तक्रार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात शाळेपासून करावी लागेल. सगळ्या विषयांत नापास आणि इंग्रजीत पास, अशी गुणपत्रिका समोर आली की शिक्षकाला काहीतरी दिसायला हवं. ज्या मुलाच्या घरी वह्या उघडायला शांत कोपराही नाही, त्याला एकच विषय जमतो आणि तो शब्दांचा आहे! शाळेने नापासांची रांग पाहिली, तो एक पास पाहिला नाही. नाव काढण्याआधी इंग्रजीच्या शिक्षकाला बोलावून, या मुलाचं काय करता येईल, एवढं विचारता आलं असतं. शाळेने जे केलं नाही ते ओळखीतल्या एका माणसाने काही सीडींवर केलं.

दुसरी गोष्ट घरच्यांबद्दलची, आणि ती मला सोपी वाटत नाही. आईबद्दल बोलायचा लॉजिकला पूर्ण हक्क आहे. जे त्याच्यावर गुदरलं ते त्याचं आहे. पण एका बाजूला कोट्यवधी श्रोते आणि दुसऱ्या बाजूला स्वतः आजारी असलेली एक बाई, हा सामना समान नाही. एकदा सांगणं गरजेचं होतं. अल्बमामागून अल्बम सांगताना त्याचं वजन कमी होत गेलं आणि चेष्टेला खाद्य मिळालं. 'अंडर प्रेशर'मध्ये सांगून झालं होतं. 'एव्हरीबडी'त ती जागा दुसऱ्या माणसांच्या गोष्टींना दिली असती तर अल्बमचं नाव पूर्ण खरं ठरलं असतं.

तिसरा मुद्दा गाण्याच्या रचनेचा. पहिलं धृपद मरणाची इच्छा अगदी उघड बोलतं. पूर्ण गाणं ऐकणाऱ्याला शेवट मिळतो, पण अर्ध्या मिनिटात पुढचं गाणं लावणाऱ्याला तो मिळत नाही. पलीकडचा आवाज आधी आणता आला असता का? एखादी ओळ जरी सुरुवातीला आली असती, तरी धोका कमी झाला असता, असं मला वाटतं. याच्या उलट बाजूचंही म्हणणं आहे: जो खरोखर त्या अवस्थेत आहे त्याला पहिल्याच ओळीत 'मी बोलतोय ते हेच' असं वाटलं नाही, तर तो पुढे ऐकणारच नाही. लॉजिकने दुसरी बाजू धरली, आणि निकाल त्याच्या बाजूने लागला.

आणि नंबर. 16 जुलै 2022 पासून अमेरिकेत या सेवेसाठी 988 हा तीन आकडी नंबर सुरू झाला. जुना नंबरही चालू ठेवला आहे, म्हणून गाणं निरुपयोगी झालं नाही. नंबरावर नाव ठेवायचं तर तो नंबर वर्षानुवर्षं चालेल का, हे आधी विचारून घ्यावं. त्याहून मोठा प्रश्न फोन उचलणाऱ्यांचा. 34 दिवसांत दहा हजारांच्या आसपास फोन वाढणार असतील, तर तेवढी प्रशिक्षित माणसं त्या रात्री खुर्चीवर हवीत. बऱ्याच धाडसाने केलेला फोन वाजत राहिला, तर तो माणूस पुन्हा करेलच असं नाही.

मराठीत कुणी असं गाणं करायचं मनात आणत असेल, आणि मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतून रॅप करणारी मुलं पाहता ते अशक्य नाही, तर आपल्याकडे 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे. नंबर 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. गाण्याची तारीख ठरली की आधी तिथल्या लोकांशी बोलावं, कोणत्या दिवशी आणि कोणत्या तासांत फोन वाढतील ते कळवावं, आणि मगच गाणं सोडावं.